अडाणची ओटी

नदीच्या उगमाशी ज्याला बोलावणं येतं तोच पोहोचतो, असं श्रद्धावान माणसं सांगतात. अनुभवाने मलाही ते मान्य करावं लागतं. बोलावणं अर्थात मला आलं नव्हतं. मला बायकोने नेलं, आणि आम्ही दोघं रस्ता चुकलो तो मी नकाशा बरोबर घेतला म्हणून.

मी भूगोलाचा मास्तर. पहिली नोकरी कामरगावला, शेवटची मंगरूळपीरला, आणि मधली सगळी वर्षं फळ्यावर नदी काढण्यात गेली. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये निळ्या खडूची एक वळणदार रेघ. नदी डोंगरात अवखळ असते, मैदानात संथ होते, समुद्राजवळ आली की आयुष्यभर गोळा केलेला गाळ टाकून देते. पुस्तकातल्या नदीला बर्फाचं शिखर असतं, खोल घळई असते, धबधबा असतो. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या नद्यांच्या वाट्याला यातलं फारसं काही आलेलं नाही. आमचे डोंगर इतके बेताचे आहेत की बैलगाडी चढून पलीकडे जाते आणि बैलांना ते कळतही नाही. पण एक गोष्ट मी दरवर्षी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आपलं पठार हे घराच्या छपरासारखं आहे. आढ्याच्या एका बाजूला पडलेला थेंब अडाण नदीत जातो, अडाण त्याला पैनगंगेच्या हवाली करते, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तो बंगालच्या उपसागराला लागतो. दुसऱ्या बाजूचा थेंब काटेपूर्णेत पडतो, तिथून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीबरोबर अरबी समुद्रात. दोन थेंब हातभर अंतरावर पडतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. हे वाक्य मी जरा आवाज खाली आणून म्हणायचो. मुलींच्या बाकांवर शांतता पसरायची. मुलं तेवढ्यात डबा उघडून घ्यायची.

गेल्या वर्षी भाद्रपदात माझ्या छातीत कळ आली. इथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि तसंच अकोल्याला पाठवलं. तिथे दोन स्टेंट बसले. मी आत गुंगीत होतो, त्यामुळे त्या दिवशीचं जे महत्त्वाचं घडलं ते बाहेरच्या बाकावर घडलं. तिथे आमची विमल बसून होती. तिने आधी पिराला चादर बोलली, आणि तेवढ्याने धीर येईना म्हणून नदीला ओटी बोलली. "अडाण माय, ह्यांले घरी आन. ह्यांच्या संगं तुह्या उगमावर येऊन तुही ओटी भरीन. तोवर पायात चप्पल नाई घालणार." मी घरी आलो. पिराची चादर तिने आठ दिवसांत चढवून टाकली. पिराचा पत्ता पक्का आहे, बसस्टँडवर कोणालाही विचारा. नदीचं तसं नव्हतं.

नदीलाच का, हे मला विचारावं लागलं नाही. विमलचं माहेर आसेगावच्या बाजूला, अडाणच्या काठी. तिच्या आईने दर बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने नदीवर जाऊन ओटी भरलेली: खण, नारळ, गहू, हळकुंड, हिरव्या बांगड्या. सात वेळा. विमलच्या लेखी नदी ही एक थोरली मावशी आहे, अंगाने जरा लांबवर पसरलेली. तिच्याकडे शब्द टाकायला संकोच वाटत नाही, आणि टाकलेला शब्द पाळला नाही तर ती रागावते, पण तोंडाने बोलून दाखवत नाही.

आता इथे मला कबुली द्यायची आहे. विमलने उगम म्हटलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिला म्हटलं, नदीला एकच उगम असतो हा भाबडा समज आहे. सगळ्यात लांब ओढ्याचं टोक धरायचं, की सगळ्यात जास्त पाणी आणणाऱ्या ओढ्याचं? बारमाही झरा धरायचा, की पावसाळ्यापुरती वाहणारी घळ? मी माझा जुना नकाशा काढला. तो मी नोकरीत असताना सर्वेक्षणाच्या नकाशावर पातळ कागद ठेवून स्वतः उतरवून घेतलेला आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यावर मी तिला लाल पेन्सिलीने अकरा टोकं दाखवली.

"मग अकराही जागी भरतो ना," ती म्हणाली.

"तसं नसते. शास्त्रानं एक ठरवावं लागते."

"तर ठरवा. तुमी नदीचे मास्तर. म्या कोनाले विचारू?"

मी ठरवत राहिलो. हिवाळ्यात तिच्या टाचांना भेगा पडल्या, मी ठरवत होतो. उन्हाळ्यात ती डांबरी रस्त्यावरून पदर दाताखाली धरून, सावली गाठत बाजारात जायची, मी ठरवत होतो. लोकांना ती सांगायची, "ह्यांचा अभ्यास चालू आहे." त्यात टोमणा होता हे मला आता कळतं, तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. मी देवाधर्मातला नाही. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा असं माझं मत होतं, आणि त्या सौद्यात मी तिला मुद्दाम अडवत नव्हतो, पण मोकळंही करत नव्हतो. एखाद्याची श्रद्धा उघड नाकारण्यापेक्षा तिच्यात तांत्रिक अडचणी काढणं फार सोयीचं असतं. भांडण होत नाही आणि आपण हुशारही दिसतो.

विमलला साखरेचा आजार आहे. यंदा आश्विनात तिच्या उजव्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे तिला चार दिवस पत्ताच नाही. कळलं तेव्हा तिथे रुपयाएवढी जखम होती. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी आहे. माझ्याशी बोलताना तो अजूनही उभा राहतो, आणि तरीही माझं ऐकत नाही. त्याने जखम साफ केली, पट्टी बांधली आणि विचारलं, "मॅडम, साखर असून चप्पल काहून नाई घालत तुमी?"

"तुह्या सरांले विचार. त्यांले जागा सापडून नाई राह्यली."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "सर, पंधरा दिवस थांबतो. त्याच्यानंतर ह्या अंगठ्याची गॅरंटी माह्याकडं नाई."

त्या संध्याकाळी मी नकाशा पुढ्यात घेऊन बसलो आणि पहिल्यांदा मला त्या अकरा लाल ठिपक्यांची लाज वाटली. तेरा महिने मी बरोबर होतो, आणि बरोबर असताना माझ्या बायकोच्या पायाला भोक पडलं होतं. तिला चप्पल घालायला सांगून पाहिलं. तिने पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवला आणि म्हणाली, "तुमी इथं बसून बोलून राह्यले ना, मग म्या शब्द कसा मोडू?" मी डोळे मिटून अकरांतला एक ठिपका धरला. शास्त्रानं एक ठरवावं लागतं, ते असं ठरलं.

कार्तिकात, सोमवार पाहून आम्ही निघालो. सोमवार तिने पाहिला. पिशवीत ओटीचं सामान, आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी चप्पल: काळी, जाड, मऊ तळाची, साखरेच्या रुग्णांना लिहून देतात ती. पायातल्या पट्टीवर तिने प्लास्टिकची पिशवी बांधू दिली. नवसात पट्टी चालते का, यावर तिचा निकाल स्वच्छ होता. "पट्टी डॉक्टरानं बांधली. म्या घातली नाई."

जीपने आम्हाला माळाच्या पायथ्याशी एका फाट्यावर सोडलं. तिथे टपरीवाल्याने आम्हाला पाहिलं, पिशवीतून डोकावणारा नारळ पाहिला आणि आपणहून म्हणाला, "अडाणच्या झऱ्यावर का काकाजी? मोठा दगड लागते, त्याच्या डाव्या अंगानं..." मी हात वर करून त्याला थांबवलं. "आहे माझ्याजवळ," म्हणालो, आणि नकाशा दाखवला. तो बिचारा आपल्या किटलीकडे वळला. विमल त्याच्याकडे पाहून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला त्या वेळी विचारावासा वाटला नाही.

चढ सोपा होता. एका बाजूला तूर फुलावर आलेली, दुसरीकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं. मी दर शंभर पावलांवर थांबायचो, कारण विमलला थांबायची गरज होती हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं. थांबलो की मी भूगोल सांगायचो. हा बघ, हा पहिला ओघळ. असे दोन मिळाले की त्याला ओढा म्हणायचं. असे ओढे मिळत मिळत खाली तुझ्या गावापाशी केवढी नदी होते! उतार असेल तिथे पाणी कापतं, उतार संपला की पसरतं. म्हणून इथे दरी आहे आणि तुमच्याकडे काळी माती. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हंजे आमच्या वावरातली माती इथून आली?"

"इथूनच."

"बाप्पा! मग हे माहेराचंही माहेर झालं." आणि तिने वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. छत्तीस वर्षांत निक्षेपणाची इतकी चांगली व्याख्या मला एकाही उत्तरपत्रिकेत मिळाली नव्हती.

वर पोहोचलो तर सगळं सपाट. नकाशात तिथे दोन रेघांमध्ये कोरी जागा होती, आणि प्रत्यक्षातही ती कोरीच होती: गवत, दगड, दूरवर एक उंबर. उंबर दिसला की जवळ पाणी असतं, हे सांगून मी त्या दिशेने निघालो. आणि खरंच, झाडाखाली खडकाच्या कपारीतून झरा येत होता. पुढे कोणीतरी दगड रचून लहानसं कुंड केलं होतं, त्यातून पाणी हळूच ओसंडून गवतात जात होतं. विमलच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचं वर्णन करण्याइतकी माझी भाषा चांगली नाही. ती मांडी घालून कुंडाकाठी बसली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या सोडल्या, गहू वाहिले, बांगड्या ठेवल्या, खणावर नारळ ठेवून तो पाण्यात सोडला. ओठ हलत होते. मी टोपी काढून उभा होतो. माझा विश्वास नव्हता, पण टोपी काढली होती.

मग सवयीने माझा हात गेला. पाणी कुठे वाहतंय हे पाहण्यासाठी मी उंबराचं एक पान कुंडाच्या तोंडाशी सोडलं. ते जरा फिरलं, काठाला अडखळलं, आणि माझ्या सावलीच्या दिशेने निघून गेलं. सकाळची वेळ, कार्तिकातला सूर्य दक्षिणेकडे कललेला. माझी सावली उत्तरेकडे पडली होती. म्हणजे पान उत्तरेकडे चाललं होतं.

अडाणला जाणारं पाणी तिथून उत्तरेकडे जाऊ शकत नाही. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा होकायंत्र काढून पाहिलं. त्या सपाटीवर कुठेतरी आम्ही आढं ओलांडून छपराच्या दुसऱ्या बाजूला उतरलो होतो. हा झरा काटेपूर्णेचा होता. विमलची ओटी तिच्या माहेराकडे पाठ करून अरबी समुद्राकडे निघाली होती.

तोवर विमलने पिशवीतून चप्पल काढली होती. वर्तमानपत्र सोडवून तिने दोन्ही चपला शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांच्याकडे पाहत बसली, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईकडे पाहावं तशी. डावा पाय तिने पुढे केला. मी गप्प बसलो असतो तर एका क्षणात सगळं संपलं असतं. नवस फिटला असता, पाय वाचला असता, आणि पाणी कुठे गेलं हे जगात माझ्याखेरीज कोणाला कळलं नसतं. नदीला ऐकू येतं यावर माझा विश्वास नव्हताच. मग अडचण काय होती? मी आजवर बरेचदा या प्रश्नाचा विचार केला आहे. एवढंच सांगतो, की ज्याचा विश्वास नाही त्याच माणसाला त्या क्षणी ती ओटी चुकीच्या पत्त्यावर जाणं सहन झालं नाही.

"थांब, विमल," मी म्हणालो.

"काहून?"

मी सांगितलं. पान दाखवलं, सावली दाखवली. तिने सगळं नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"छत्तीस वर्षं," ती म्हणाली, "पोरांले तुमी नदी शिकवली."

"हो."

"त्या टपरीवाल्यानं सांगतलं असतं."

"हो."

ती रडेल असं मला वाटलं. तिने चपला परत वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या, तेही अगदी पद्धतशीर, कोपरे दुमडून. दिलेली ओटी परत घेता येत नाही. दुसरा नारळ नव्हता, खण नव्हता. पुन्हा सामान आणायचं, पुन्हा सोमवार, पुन्हा चढ, त्याच पायाने. प्लास्टिकच्या पिशवीतून पट्टीचा पिवळा डाग दिसत होता. डॉक्टरने दिलेल्या पंधरा दिवसांतले अकरा संपले होते. मी दगडावर बसलो आणि नकाशा खाली ठेवला. हात जोडले नाहीत. पण मनात एक वाक्य आलं, ते कोणाला उद्देशून होतं हे मी सांगू शकत नाही: माझं डोकं संपलं, आता तुम्ही पाहा.

"कोन्या नदीले भरली म्हनता ओटी?"

आवाज उंबराच्या मागून आला. तिथे एक बाई लोखंडी पेटीला टेकून बसली होती. पन्नाशीची असेल, डोक्याला रुमाल, हातात विळा. आम्ही आल्यापासून ती तिथेच होती, आणि तिने आमचा संसार पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला होता. नाव कांताबाई, जातीने माळीण. दक्षिणेकडच्या उतारावर तिचं दोन एकर वावर आणि त्यात भाजीपाला. पेटी मोटारीच्या स्टार्टरची होती.

"काटेपूर्णेले गेली, माय," विमल म्हणाली. "भरायची होती अडाणले. आमचे मास्तर चुकले."

"मास्तर आहेत?" कांताबाईने माझ्याकडे बघून मान हलवली, जसं काही सगळं त्यातच आलं. मग म्हणाली, "पन चुकली कोन म्हनते? हे पानी तिकडं कुठं जाऊन राह्यलं? एवढं जरासं सांडते ते जाते. बाकी सारं माह्या वावरात जाते. पाइप दिसत नाई का तुमाले?"

खरंच, कुंडात एक काळा पाइप उतरला होता. मला तो दिसला नव्हता, कारण माझ्या नकाशात तो नव्हता.

"तुमचं वावर कोन्या अंगाले?" मी विचारलं.

"त्या अंगाले. धुऱ्याच्या पल्याड. माह्या वांग्यातून निघते ते पानी नाल्यात पडते, नाला खाली अडाणले भेटते. खालचे रोज माह्यावर बोंबलतात ना, नाल्यात चिखल करते म्हनून."

विमल उठून उभी राहिली होती. "जाते ना माय? खरंच जाते तिच्याकडं?"

"जाते म्हंजे! लाईट आली का जाते."

"केव्हा येते लाईट?"

"आता आली पाह्यजे," कांताबाई म्हणाली, आणि तिचं वाक्य संपतंय तोवर पेटीवरचा लाल दिवा लागला. पेटीत खट् झालं. खाली मोटार गुरगुरली, पाइप जिवंत झाल्यासारखा हलला, आणि कुंडातलं पाणी थबकलं. ओसंडणं थांबलं. काठावर रेंगाळलेले गव्हाचे दाणे, कुंकवाचा लाल तवंग, झेंडूच्या पाकळ्या, सगळं हळूहळू वळलं आणि उलटं निघालं. नारळसुद्धा खणासकट जागच्या जागी एक गिरकी घेऊन पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसला.

विमलने माझा दंड धरला. तिची बोटं रुतली होती ते मला घरी गेल्यावर कळलं.

भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. एक नदी मागे मागे झीज करत जाते, मधली भिंत फोडते आणि दुसऱ्या नदीचं माथ्यावरचं पाणी आपल्याकडे ओढून नेते. याला हजारो वर्षं लागतात, असं मी शिकवायचो, आणि परीक्षेत ते चार गुणांना असायचं. कांताबाईने ते पाच हॉर्सपॉवरमध्ये केलं होतं. दोन समुद्रांमधला वाद तिच्या पाइपाने मिटवला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला वांग्यांची काळजी होती.

आम्ही पाइपाच्या कडेने चालत धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडला. दोनशे पावलं असतील. पलीकडे पाइपाचं तोंड एका पाटात पडत होतं आणि पाणी मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी असं ओळीने विचारत पुढे जात होतं. शेवटच्या वाफ्यातून ते निसटलं, बांधाच्या फटीतून नाल्यात उतरलं आणि दक्षिणेला लागलं. मी होकायंत्र काढलं नाही. खाली दूरवर ते पठार उतरत जात होतं, मग काळी सपाट जमीन, मग धुकं. त्या धुक्यात कुठेतरी विमलचं माहेर होतं. कुंकू पाइपातून आलं असावं. गव्हाचे दाणे मोटारीच्या जाळीत अडकले असणार, आणि नारळ तर नक्कीच आला नाही. हे मी मनात म्हटलं, तोंडावर आणलं नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच त्या दिवशीची सगळ्यात मोठी घटना होती.

कांताबाईने तांब्याने विमलच्या धड पायावर पाणी घातलं, दुखऱ्या पायावर नुसती चार बोटं ओली करून शिंपडली. "घाल आता," ती म्हणाली, "मायनं घेतली तुही ओटी." विमलने चप्पल घातली. चौदा महिन्यांनी. दोन पावलं टाकून ती थांबली आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. "अजी, जमीन लागूनच नाई राह्यली!" तिला वाटत होतं आपण हवेत चालतोय. कांताबाईही हसली. मग ती कुंडावर गेली, नारळ काढून आणला, दगडावर फोडला, आणि आम्ही तिघांनी वांग्याच्या वाफ्याशेजारी उभ्याने खोबरं खाल्लं. निघताना तिने सांबाराची जुडी विमलच्या ओटीत घातली. नको म्हणायची सोय नव्हती. माहेराहून रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही.

जखम भरायला संक्रांत उजाडली. अंगठा आहे. डॉक्टर म्हणतो, वेळेवर चप्पल आणि रोजची पट्टी. विमल म्हणते, अडाण माय. मी दोघांचंही ऐकतो आणि दोघांनाही मान डोलावतो. मला विचाराल तर त्या माळावर नेमकं काय झालं हे मला सांगता येणार नाही, आणि अलीकडे ते सांगता यायलाच हवं असंही वाटत नाही. मी फक्त इतकं जाणतो, की चौदा महिने मी एका बाईशी उगम कुठला यावर वाद घातला, आणि तिने नवसात माझी सोबत मागितली होती ते शब्द मी ऐकलेच नव्हते. ज्या क्षणी माझ्याजवळची सगळी हुशारी चुकीच्या उतारावर जाऊन संपली, त्याच क्षणी शेजारच्या झाडामागे मदत बसलेली होती. ती आधीपासूनच बसलेली होती. मी नकाशातून डोकं वर काढायची तेवढी वाट होती. आता मी रस्ता विचारतो. टपरीवाल्याला विचारतो, जीपवाल्याला विचारतो, कधी कधी माहीत असलेला रस्ताही विचारतो. हातातलं सोडून दिलं की बरंचसं हातात येतं, हे मी साठीनंतर शिकलो, आणि ते शिकवणारीचा मी ऋणी आहे. ती नदी होती, बायको होती की माळीण, यात मी पडत नाही.

तरी जुनी खोड सुटत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही कांताबाईला साडीचोळी द्यायला गेलो, तेव्हा विमल वाफ्यात गेल्याचं पाहून मी हळूच लाईटचं विचारलं. कांताबाईने सांगितलं, त्या आठवड्यात त्या भागाला दिवसाची पाळी होती आणि लाईट रोज पावणेअकराला येत होती. त्या सोमवारी ती दहा मिनिटं उशिरा आली, कारण वीज उपकेंद्रातला ऑपरेटर चहा प्यायला गेला होता.